देवाच्या पायाखालचा ढग

सिंधुदुर्गातल्या जत्रांचा हंगाम कार्तिकात सुरू होतो आणि गावोगावच्या देवळांपुढे रात्रभर दशावतार रंगू लागतो. वालावलकर, मोचेमाडकर, पार्सेकर, चेंदवणकर अशी गावांची नावे मिरवणारी मंडळे पेटारे घेऊन एका जत्रेतून दुसऱ्या जत्रेत जातात. या रंगभूमीला नेपथ्य जवळजवळ नसतेच. एक बाकडे असते. तेच सिंहासन, तोच रथ आणि प्रसंग पडला तर तोच कैलास. बाकीचे सारे नट आपल्या शब्दांनी, पदांनी आणि पदन्यासाने उभे करतो. मात्र गेल्या काही दशकांत जाहिरातींमध्ये ‘ट्रिकसीनयुक्त नाट्यप्रयोग’ हे शब्द ठळक दिसू लागले आहेत आणि अशा ट्रिकसीनमध्ये ढगाला, धुक्याला मोठी मागणी असते. देव प्रकटतो तेव्हा पायाशी पांढरा थर हवा, क्षीरसागर दाखवायचा तर मंचभर फेसाळ पृष्ठ हवे. पण साधे स्मोक मशीन लावले की हवा तो थर मिळत नाही. पांढरा लोट वर चढतो, राजाची भूमिका करणाऱ्या राजपार्ट्याचा चेहरा झाकतो आणि दिव्यांच्या उजेडात विरून जातो. मग अधिक धूर सोडला जातो आणि अडचण अधिकच वाढते. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे की जमिनीलगतचे धुके हा धुराच्या प्रमाणाचा प्रश्न नाही, हवेच्या वजनाचा आहे. हे वजन कसे मिळवायचे ते एकदा कळले की मालवणच्या किनाऱ्यावर त्यासाठी लागणारी सर्वांत महत्त्वाची वस्तू रोज हाताशी असते हेही लक्षात येते.

हा खटाटोप करावाच का, याचे उत्तर दशावताराच्या स्वभावात आहे. येथे संहिता लिहिलेली नसते. आख्यान ठरते, प्रसंगांचा क्रम ठरतो आणि संवाद नट त्या रात्री, त्या प्रेक्षकांसमोर रचतो. त्यामुळे त्याचा चेहरा, डोळे आणि आवाज हेच नाटक असते. छातीपर्यंत चढणारा धूर नेमका याच गोष्टींवर घाला घालतो. घोट्याइतक्या उंचीचा थर मात्र नटाला हातही लावत नाही. तो झाकतो ती फक्त जमीन: मंचाच्या फळ्या, बाकड्याचे पाय, विजेच्या वायरी. ज्याच्या पायाखालची जमीन दिसत नाही तो उभा कुठे आहे हे प्रेक्षकाची कल्पना ठरवते, आणि दशावतार चालतो तो याच कल्पनेच्या बळावर. पूर्वरंगातला संकासूर वेद पळवून समुद्रात दडतो. ज्यांच्या घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर आहे अशा प्रेक्षकांपुढे हे आख्यान मांडताना मंचावर सरकत जाणारा पांढरा थर पाण्याची जाणीव देऊ शकतो. शेषशायी विष्णू, इंद्राची सभा, नारदाचे आगमन अशा जागाही आख्यानांत कितीतरी सापडतात. सारांश, खालचे धुके ही या रंगभूमीच्या साधेपणाशी जुळणारी युक्ती आहे, कारण ती मंचावर काही आणून ठेवत नाही; असलेली जमीन तेवढी काढून घेते.

मराठी रंगभूमीला धूर नवा नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले ते कर्नाटकातल्या भागवत मंडळींचे खेळ पाहिल्यानंतर. त्या परंपरेतला राक्षस राळेच्या भडक्यात, आरोळ्या ठोकत प्रवेश करी. मशालीवर राळेची पूड फेकली की क्षणात ज्वाला उठते आणि मागे धुराचा लोट राहतो. हा धूर गरम असतो म्हणून वर जातो, आणि राक्षसाच्या प्रवेशाला ते शोभतेही. युरोपातल्या रंगभूमीनेही असाच मार्ग धरला होता. १८७६ साली जर्मनीतल्या बायरॉइट येथे वाग्नरच्या संगीतनाट्यमालेच्या प्रयोगात मंचावर पाण्याची वाफ सोडून तिचा पडदा केला गेला. वाफेने दृश्य बदलताना मंच झाकता येत असे, पण ती फुसफुसते, ओलावा पसरवते आणि मुख्य म्हणजे वर चढते. राळ आणि वाफ या दोन्हींत उष्णता आहे, म्हणून त्यांचे काम उभ्या लोटाचे. आडव्या थरासाठी उलट दिशेने विचार करावा लागतो, आणि तो विचार पदार्थविज्ञानाचा आहे.

धुके म्हणजे हवेत तरंगणारे अतिसूक्ष्म थेंब. मंचावरच्या धुक्यातला थेंब सहसा एका मायक्रॉनपासून दहा-वीस मायक्रॉनपर्यंतचा असतो, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग ते पन्नासावा भाग. इतका लहान थेंब स्वतःच्या वजनाने खाली येतो खरा, पण अतिशय सावकाश. एक मायक्रॉनच्या थेंबाला स्थिर हवेत एक मीटर उतरायला काही तास लागतात, आणि दहा मायक्रॉनच्या थेंबालाही पाच-सहा मिनिटे लागतात. नटाच्या एका गिरकीने उठणारी हवेची झुळूक या वेगाच्या शेकडो पट जोरदार असते. याचा अर्थ असा की थेंब स्वतः काही ठरवत नाही. तो ज्या हवेत आहे ती हवा जाईल तिकडे तो जातो. हवा वर गेली तर धुके वर, हवा जमिनीला चिकटून राहिली तर धुकेही जमिनीला चिकटून. म्हणून थेंबांची संख्या वाढवून धुके खाली बसत नाही. त्यांना वाहून नेणारी हवा भोवतीच्या हवेपेक्षा जड करावी लागते, आणि हवा जड करण्याचे मार्ग दोनच: ती थंड करणे, किंवा तिच्यात मुळातच जड असलेला वायू मिसळणे. ओलाव्याने हवा जड होते ही समजूत मात्र चुकीची आहे. पाण्याच्या रेणूचा भार १८, तर हवेचा सरासरी २९. त्यामुळे बाष्पाने भरलेली हवा त्याच तापमानाच्या कोरड्या हवेपेक्षा किंचित हलकीच असते.

भाड्याने मिळणारे नेहमीचे स्मोक मशीन या दृष्टीने पाहिले की त्याचे वागणे उलगडते. त्यात ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन आणि पाणी यांचे मिश्रण असते. ते पंपाने तापलेल्या नळीत ढकलले जाते. नळीचे तापमान दोनशे अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त असते, कारण प्रॉपिलीन ग्लायकॉलचा उत्कलनबिंदूच १८८ अंश आहे. बाहेर पडताच ही वाफ हवेत थंडावून तिचे बारीक थेंब होतात आणि आपल्याला पांढरा लोट दिसतो. यात काही जळत नाही, म्हणून खरे तर हा धूर नाही. पण त्या लोटाबरोबर मशीनची उष्णताही बाहेर येते आणि लोटातली हवा भोवतालापेक्षा गरम, म्हणून हलकी असते. शिवाय अरुंद तोंडातून ती वेगाने फेकली जात असल्याने आजूबाजूची हवा तिच्यात ओढली जाते आणि लोट पसरतो. मशीन जमिनीवर ठेवले, त्याचे तोंड खाली केले, तरी या गोष्टी बदलत नाहीत. दोष यंत्राचा नाही. ते ज्या कामासाठी बनले आहे, म्हणजे उजेडाचे झोत हवेत दिसावेत म्हणून मंच भरून टाकणे, ते काम ते चोख करते.

ड्राय आइसने मात्र हे धुके सहज खाली बसते, म्हणून लग्नसमारंभातल्या नवरा-नवरीच्या ‘ढगातल्या’ प्रवेशापासून मोठ्या नाट्यगृहांपर्यंत त्याचे आकर्षण आहे. ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड. तो वितळून द्रव होत नाही, उणे ७८.५ अंशांवर थेट वायू होतो. त्याचे तुकडे गरम पाण्यात सोडले की वायूचे थंडगार बुडबुडे उसळतात, पाण्याची वाफ त्या थंडीने निवून तिचे थेंब होतात आणि दाट पांढरा लोंढा भांड्याबाहेर ओसंडतो. दिसते ते पांढरेपण पाण्याच्या थेंबांचे असते; कार्बन डायऑक्साइड स्वतः अदृश्य आहे. या लोंढ्याला खाली ओढणाऱ्या गोष्टी दोन आहेत. तो थंड आहे, आणि कार्बन डायऑक्साइडच्या रेणूचा भार ४४ असल्याने त्याच तापमानालाही तो हवेच्या दीडपट जड आहे. म्हणून हा थर केळीच्या पानावर ओतलेल्या पेजेसारखा सपाट पसरतो, कडेला पोचला की खाली सांडतो आणि कुणी चालले की बाजूला होऊन पुन्हा मिटतो. दृश्य म्हणून यापेक्षा सुंदर धुके दुसरे नाही हे मान्य करायला हवे. पण ज्या जडपणामुळे ते सुंदर दिसते त्याच जडपणात त्याचा धोका आहे, आणि धुके विरले तरी तो धोका विरत नाही.

हिशेब साधा आहे. एक किलो ड्राय आइसचा खोलीच्या तापमानाला सुमारे ५४० लिटर वायू होतो. दहा मीटर रुंद आणि आठ मीटर खोल मंचावर एका प्रवेशासाठी दहा किलो वापरला तर साधारण साडेपाच घनमीटर वायू सुटेल. तो पाच मीटर उंचीपर्यंत नीट मिसळला तर त्याचे प्रमाण दीड टक्क्याच्याही खाली राहील. पण धुके खाली राहावे हाच तर आपला हेतू असतो. तो सारा तळाच्या अर्ध्या मीटरमध्ये कोंडून राहिला तर तेथले प्रमाण तेरा टक्क्यांच्या घरात जाते. मोकळ्या हवेत हा वायू सुमारे ०.०४ टक्के असतो. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी ०.५ टक्के ही मर्यादा मानतात, तीन टक्क्यांच्या पुढे श्वास जलद होऊन डोके दुखू लागते आणि दहा टक्क्यांच्या आसपास काही मिनिटांत शुद्ध हरपू शकते. या वायूचा जडपणा काय करू शकतो याचा भीषण पुरावा आफ्रिकेतल्या कॅमेरूनमध्ये आहे. २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री न्योस सरोवराच्या तळाशी साठलेला कार्बन डायऑक्साइड उसळून बाहेर आला, दऱ्यांमधून जमिनीलगत वाहत गेला आणि सुमारे १,७०० माणसे व हजारो गुरे झोपेतच मेली. माणसाच्या हातून झालेली चूकही दूरची नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये मॉस्कोत एका समारंभात पोहण्याच्या तलावात सुमारे २५ किलो ड्राय आइस ओतला गेला. पाण्यावर दाट धुके आले आणि तीन जणांचा जीव गेला. दशावताराच्या मंचावर तळाच्या थरात कोण असते हे डोळ्यांसमोर आणले की हा धोका दूरचा राहत नाही. वध झालेला राक्षस पडून असतो, शेषशायी विष्णू आडवा असतो, आणि जत्रेत मंचाच्या अगदी पुढे, जमिनीवर, लहान मुले बसलेली असतात. मंचाच्या कडेवरून सांडणारा थर पहिल्यांदा त्यांच्याच अंगावर येतो.

यावर कोणी म्हणेल, जत्रेतला मांडव उघडा असतो, तेथे वायू कोंडेल कसा? आक्षेपात तथ्य आहे. चहूबाजूंनी वारा खेळत असेल तर थोड्या ड्राय आइसने धोका फारसा उरत नाही. पण मग धुकेही उरत नाही. धुके टिकावे म्हणून बाजू झाकल्या, कनाती लावल्या, मंचाला कडा केली की आपण तोच वायू कोंडू लागतो. उघड्या मांडवाची सुरक्षितता आणि टिकणारा थर या दोन्ही गोष्टी ड्राय आइसकडून एकाच वेळी मागता येत नाहीत. बंद नाट्यगृहात तर हा पेच अधिकच घट्ट होतो. तेथे ड्राय आइस वापरायचाच असेल तर अगदी थोडा, तळाची हवा खेचून बाहेर टाकणाऱ्या पंख्यांसह, कार्बन डायऑक्साइड मोजणारे यंत्र मंचाच्या पातळीला ठेवून आणि कोणीही नट आडवा पडणार नाही अशा प्रवेशातच वापरावा. शिवाय तो बंद गाडीत आणणे, झाकण घट्ट लावलेल्या डब्यात ठेवणे, उघड्या हाताने उचलणे हे सारेच घातक आहे. द्रवरूप नायट्रोजन हा पर्यायही या बाबतीत निर्दोष नाही. तो उणे १९६ अंशांचा असतो, एका लिटरचा सुमारे सातशे लिटर वायू होतो आणि तो ऑक्सिजनला बाजूला सारतो. त्यातही अडचण अशी की नायट्रोजनच्या अतिरेकाची सूचना शरीर देत नाही. कार्बन डायऑक्साइडने निदान धाप तरी लागते.

मग उरतो पहिला मार्ग, म्हणजे हवा थंड करण्याचा, आणि येथे मालवणचा किनारा उपयोगी पडतो. मालवण, सर्जेकोट, देवगड, वेंगुर्ला या बंदरांतली मासेमारी बर्फावर चालते. होड्या समुद्रात जाताना बर्फ नेतात, मासळी बाहेरगावी जाते ती बर्फातच. मंचावरच्या धुक्यासाठी हाच फोडलेला बर्फ लागतो. एक मोठी, बाजूंना थर्मोकोलचे अस्तर लावलेली पेटी घ्यायची. तिच्या मधोमध तारेच्या जाळीवर बर्फ रचायचा, वरच्या बाजूने स्मोक मशीनचा लोट आत सोडायचा आणि तळाशी रुंद तोंड ठेवून तेथून तो सावकाश बाहेर येऊ द्यायचा. बर्फाच्या फटींतून उतरताना लोटाची उष्णता बर्फ शोषून घेतो आणि बाहेर येते ती थंड, म्हणून जड हवा. किती बर्फ लागेल याचाही अंदाज बांधता येतो. हिवाळ्यातल्या रात्री हवा २४ अंशांची आणि आर्द्रता ८५ टक्के धरली तर एक घनमीटर हवा ५ अंशांपर्यंत उतरवायला सुमारे ५० किलोज्यूल उष्णता काढून घ्यावी लागते. त्यातला निम्म्याहून अधिक भाग हवेतल्या बाष्पाचे पाणी होताना बाहेर पडणारा असतो. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल शोषतो. निम्मी थंडी वाया गेली असे धरले तरी एका किलोत तीन घनमीटर धुके निघते. आपल्या दहा बाय आठ मीटरच्या मंचावर वीस सेंटिमीटरचा थर म्हणजे सोळा घनमीटर, म्हणजेच पाच-सहा किलो बर्फ. थर विरत जातो, मशीनची उष्णताही पचवावी लागते, म्हणून प्रत्यक्षात याच्या दोन-तीन पट बर्फ हाताशी ठेवावा. तरीही मासळीच्या व्यवहारातल्या बर्फापुढे हे प्रमाण किरकोळ आहे. बर्फावर जाडे मीठ टाकले तर तापमान शून्याच्याही बरेच खाली जाते, आणि मीठ या किनाऱ्याला नवे नाही. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहातला एक लढा शिरोड्याच्या आगरांवरही झाला.

या पद्धतीवर खरा आक्षेप असा की थंड हवेचा जडपणा मर्यादित असतो. २४ अंशांच्या भोवतालात ५ अंशांची हवा फक्त सात टक्के जड असते. ड्राय आइसच्या लोंढ्याच्या मानाने हे फारच कमी. हे खरे आहे, आणि म्हणूनच या धुक्याला हाताळणी लागते. पहिली गोष्ट वेगाची. थंड हवा जोराने फेकली तर ती गरम हवेत मिसळून जडपणा गमावते. वीस सेंटिमीटरचा असा थर आपल्याच वजनाने सेकंदाला एक-सव्वा फूट सरकतो. त्याला त्याच गतीने जाऊ द्यावे. म्हणजे धुके प्रवेशाच्या क्षणी सोडून चालत नाही, आधीच्या पदाच्या शेवटच्या ओळींपासूनच त्याला वाट द्यावी लागते. दुसरी गोष्ट वाऱ्याची. दिवसाचे खारे वारे रात्री पडतात आणि जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहू लागते. ती मंद असली तरी पातळ थराला पुरून उरते. म्हणून मंचाच्या पूर्वेच्या अंगाला तळाचे दोन-अडीच फूट विणलेल्या झापांनी झाकावेत. आपला थर निव्वळ थंड हवेचा आहे, श्वास कोंडणाऱ्या वायूचा नाही, म्हणून तो अडवण्यात ड्राय आइससारखा धोका नाही. तिसरी गोष्ट उजेडाची. एवढे बारीक थेंब उजेड मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात. म्हणून दिवे मागून आणि बाजूने, मंचाच्या पातळीजवळून लावले की धुके उजळते. समोरचा झगझगीत दिवा त्याला सपाट, फिकट करून टाकतो. जुन्या तापणाऱ्या दिव्यांपेक्षा एलईडी बरे, कारण ते थराला कमी तापवतात.

किनाऱ्याची हवा येथे शत्रूही आहे आणि मित्रही. शत्रू अशी की तिच्यातले बाष्प थंड करताना निम्म्याहून अधिक बर्फ खर्ची पडतो. मित्र अशी की त्या बाष्पाचे बरेचसे पाणी बर्फावर जमले तरी उरलेले थेंबांवर बसून त्यांना जोर देते. आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे दमट हवेत थेंब लवकर सुकत नाहीत. उन्हाळ्यातल्या सोलापूरच्या कोरड्या हवेत जे धुके क्षणात नाहीसे होईल ते मालवणच्या रात्री बराच वेळ टिकते. याच कारणाने अल्ट्रासॉनिक यंत्रांचाही येथे विचार करता येतो. त्यांत पाण्याखालची चकती सेकंदाला दहा-वीस लाख कंपने करून पाण्याचेच काही मायक्रॉनचे थेंब उडवते; उष्णता जवळजवळ नाही, रसायन अजिबात नाही. या थेंबांतले काही सुकताना भोवतालची हवा थोडी थंड करतात, म्हणून थर खाली झुकतो. बर्फगार पाणी वापरले तर अधिकच. मात्र पाणी रोज बदललेले आणि स्वच्छच हवे. साचलेल्या पाण्यातले जंतू थेंबांबरोबर थेट फुप्फुसात जाऊ शकतात आणि क्षारयुक्त पाण्याची पांढरी पूड पोशाखांवर बसते.

सर्वांत गंभीर आक्षेप आरोग्याचा आहे, आणि दशावताराच्या बाबतीत तो दुप्पट गंभीर मानावा लागतो. अमेरिकेत ब्रॉडवेच्या नटांच्या संघटनेने आणि निर्मात्यांनी मिळून करवून घेतलेल्या पाहणीचा अहवाल २००० साली आला. त्यात ग्लायकॉलच्या धुक्याचा एकाएकी मोठा लोट अंगावर आला तर घसा, नाक व डोळ्यांना त्रास होतो असे दिसले आणि त्याची क्षणिक पातळी घनमीटरला ४० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावी अशी शिफारस झाली. दशावतारी नट रात्रभर बोलतो, गातो, युद्धनृत्य करतो, म्हणजे खोल श्वास घेतो, आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या गावी पुन्हा उभा राहतो. त्याचा गळा हीच त्याची जमीन आणि तेच त्याचे भांडवल. पण हा आक्षेप खालच्या धुक्यापेक्षा वरच्या धुरावर अधिक लागू पडतो. घोट्याशी राहणारा थर नटाच्या श्वासात कमी येतो आणि मंच भरण्याची गरज नसल्याने द्रवही कमी लागतो. तरी थर गरम झाला की त्यातले थेंब वर येतातच, म्हणून धुक्याचे प्रवेश एका आख्यानात एक-दोनच ठेवावेत, नट आडवा पडणार असेल तेथे साध्या पाण्याचे यंत्र वापरावे, तेलाचा किंवा रॉकेल-डिझेलचा धूर कधीही करू नये आणि दम्याचा त्रास असलेल्याला आधी विचारावे. पायांचाही विचार हवा. थंड थराखालची फळी ओली आणि निसरडी होते आणि मंचाची कड दिसत नाही. अनवाणी युद्धनृत्यापूर्वी पुरेसा वेळ सोडावा, कडेला उजळ पट्टी लावावी आणि वायरी पाण्यापासून उंच बांधाव्यात.

शेवटचा आक्षेप परंपरेचा: बाकड्यावर कैलास उभा करणाऱ्या कलेला यंत्राची काय गरज? हा प्रश्न आदराने घ्यायला हवा, कारण तो दशावताराच्या सामर्थ्यावरच्या विश्वासातून येतो. पण ही परंपरा कधीच स्थिर नव्हती. मशालींच्या जागी दिवे आले, उघड्या आवारात ध्वनिक्षेपक आले, आणि राळेचा भडका ही तर त्या काळातली ट्रिकच होती. दादासाहेब फाळक्यांनी १९१९ मध्ये ‘कालिया मर्दन’ पडद्यावर आणला तेव्हा पौराणिक कथेतले अद्भुत डोळ्यांना दाखवण्याची हीच ओढ त्यांनी नव्या साधनाने भागवली. म्हणून ट्रिकसीनची कसोटी ती जुनी की नवी ही नसावी. ती नटाला मोकळे करते की झाकून टाकते, ही असावी. डोळे चोळायला लावणारा धूर या कसोटीला उतरत नाही, आणि मुलांच्या श्वासाला धोका देणारा ड्राय आइसही उतरत नाही. बर्फाच्या पेटीतून संथपणे आलेला घोट्याइतका थर उतरतो.

म्हणून मंडळांनी, जत्रा समित्यांनी आणि ध्वनी-प्रकाश पुरवणाऱ्यांनी एकत्र येऊन या साध्या पेटीचा प्रयोग करावा. हंगाम सुरू होण्यापूर्वी रिकाम्या मांडवात एक रात्र घालवली तरी पुष्कळ कळेल: किती बर्फाला किती वेळ थर टिकतो, कोणत्या बाजूने झाप लावावा लागतो, कोणत्या पदाला मशीन सुरू करावे. हे आकडे वहीत उतरवून मंडळांनी एकमेकांना दिले तर प्रत्येकाला तोच शोध नव्याने लावावा लागणार नाही. मोठ्या शहरातून महाग ड्राय आइस आणण्यापेक्षा बंदरातल्या बर्फाच्या दोन लाद्या आणि एक नीट बनवलेली पेटी ही गुंतवणूक कितीतरी शहाणपणाची आहे. दशावताराने आजवर हाताशी असेल त्यातूनच स्वर्ग आणि समुद्र उभे केले. बर्फाची ही पेटी त्याच रीतीची आहे, आणि तिच्यासाठी लागणारे ज्ञान कोणत्याही मंडळाच्या आवाक्यात आहे.